कानाची इजा आणि मागे राहिलेला नाद

कानाला घरात अचानक झालेली इजा बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत भरून येते. त्या इजेपाठोपाठ सुरू झालेला आवाज मात्र आपल्याच कलाने ओसरतो. कधी तो जखम भरायच्या आधीच थांबतो, कधी जखम भरून गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकतो. बाहेर काहीच वाजत नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणाऱ्या या आवाजाला कर्णनाद म्हणतात. कुणाला तो रातकिड्यांसारखा वाटतो, कुणाला कुकरमधून निसटणाऱ्या वाफेसारखा, कुणाला लांबून येणाऱ्या शिट्टीसारखा. तक्रार जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनादाची स्वतंत्र नोंद आहे. आजच्या पाहण्यांनुसार प्रौढांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोकांना हा नाद जाणवतो, आणि त्याचा मोठा जाच एक-दोन टक्क्यांनाच होतो. म्हणजे नाद ऐकू येणाऱ्या बहुतेकांचे दिवस नीट चाललेले असतात. नाद असणे आणि नादाने हैराण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हातात नसली तरी दुसरीवर बरेच काही करता येते, आणि या प्रकरणाचा भर त्यावरच आहे.

घरातले अपघात

खानदेशात कापूस हाताशी असतो. वेचणीच्या दिवसांत जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या कित्येक शेतकऱ्यांच्या घरी एखादी खोली कापसाने भरलेली असते. काडेपेटीतल्या काडीला कापसाचा पीळ देऊन कान साफ करायची सवय मोठ्यांकडून मुलांकडे जाते. काडी नसली तर हेअरपिन, सेफ्टी पिन, किल्ली किंवा दुकानातले इयरबड चालतात. प्रौढ माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि काडेपेटीतली काडी त्याहून लांब. कान कोरत बसलेल्या माणसाच्या कोपराला धावत आलेले मूल धडकले, की काडी सरळ पडद्यावर जाते. खरे तर कान कोरायची गरजच नसते. नळीतली त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने दिवसाला साधारण एक दशांश मिलिमीटर सरकते आणि मळ आपोआप बाहेर आणते. काडीमुळे निघतो त्याहून जास्त मळ आत ढकलला जातो.

कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी घराजवळ रचतात. भारा डोक्यावर घेताना किंवा रचलेल्या ढिगातून काटक्या ओढताना एखादी टोकदार काडी कानात घुसू शकते. अशी काडी बोटाने धरलेल्या काडीपेक्षा जोरात शिरते आणि कुठल्या दिशेने जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे ती पडद्यापलीकडच्या हाडांपर्यंत पोचण्याचा धोका अधिक असतो. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती किडे घोंघावतात आणि उकाड्यामुळे माणसे अजून गच्चीवर झोपत असतात. अशा वेळी कानात किडा गेला, तर घाबरून हाताला लागेल ती वस्तू कानात घातली जाते. मग इजा किड्यापेक्षा उपायानेच जास्त होते.

थोबाडीत मारणे हे पडदा फाटण्याचे फार मोठे आणि फार कमी बोलले जाणारे कारण आहे. उघडा तळहात कानावर आदळला की नळीतली हवा एका क्षणात दाबली जाते आणि त्या दाबाने पडदा फाटतो. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे असल्याने फाटलेला कान बहुधा डावा असतो. बाई ‘मोरीत पाय घसरला’ म्हणते, मूल ‘खेळताना लागलं’ म्हणते, आणि बाजूला उभ्या असलेल्या नातेवाइकांसमोर डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. विचारायला हवे, आणि एकांतात विचारायला हवे. कोणत्याही एका कानाचे ऐकणे कायमचे गेले तर भारतीय न्याय संहितेत ती गंभीर दुखापत ठरते. पहिल्याच दिवशी केसपेपरवर झालेली खरी नोंद पुढे त्या व्यक्तीच्या उपयोगाची असते.

फटाक्याची इजा वेगळ्या जातीची असते. १९९९ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत ठरवलेल्या मर्यादेनुसार फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणून नियमात बसणारा फटाकासुद्धा एका मीटरवर १३७ डेसिबलच्या घरात जातो. जुन्या वस्तीतल्या बोळात दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, ती भर निराळी. इथे पडदा शाबूत राहूनही आतला कान दुखावू शकतो. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे अशी इजा सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते.

आत काय घडते

कानाचा पडदा सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचा आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांतली रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातले सर्वांत लहान हाड आहे. रिकिबीचा तळ अंतर्कर्णाच्या खिडकीत बसलेला असतो. त्या खिडकीपलीकडे द्रवाने भरलेली वेटोळी नळी म्हणजे कर्णावर्त. तिच्यात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,००० केसपेशी असतात. कंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर याच पेशींपाशी होते. त्वचा, हाड, पडदा हे सारे पुन्हा वाढते. केसपेशी मात्र माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. इजा पडद्यापाशी थांबली की केसपेशींपर्यंत पोचली, यावर पुढचा बहुतेक सगळा प्रवास ठरतो.

पडद्याला नुसते भोक पडले, तर आवाज आत पोचायला अडथळा येतो, पण आतली यंत्रणा शाबूत असते. बाहेरचे आवाज मंदावतात आणि शरीराच्या आतले आवाज, म्हणजे स्वतःचे बोलणे, चावणे, श्वास, मोठे वाटू लागतात. या प्रकारात नाद आला तरी पडदा जुळल्यावर तो बहुधा ओसरतो. काडीच्या धक्क्याने रिकीब खिडकीत आत ढकलली गेली किंवा स्फोटाचा आवाज थेट कर्णावर्तावर आदळला, तर केसपेशी आणि त्यांना जोडलेले चेतातंतू दुखावतात. हे नुकसान बहुधा उंच पट्टीच्या आवाजांसाठी असते आणि नादही त्याच पट्टीत, म्हणजे शिट्टीसारखा किंवा रातकिड्यासारखा, ऐकू येतो. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि चेतातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आवाज कसला?’ या प्रश्नाचे उत्तर काही जणांच्या बाबतीत इथे असावे.

तरीही नाद कानात तयार होत नाही, आणि ही समजुतीची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. केसपेशींकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदूतली श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात. लांबचे केंद्र नीट लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवला, की कार्यक्रमाबरोबर खरखरही वाढते, तसेच हे आहे. मेंदूतल्या पेशींचे मूळचे क्षीण स्पंदन मोठे होऊन ऐकू येऊ लागते. म्हणूनच काही आजारांत श्रवणचेता कापावी लागल्यानंतरही अनेकांचा नाद चालूच राहतो.

निरोगी कानांनाही हे लागू आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्क्यांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये चांगले ऐकू येणाऱ्या १८ जणांनी एका कानात सात दिवस सिलिकॉनचा बोळा घालून ठेवला. १४ जणांना नसलेले आवाज ऐकू आले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. कानाला शांततेत कोंडले की मेंदू आवाज मोठा करतो, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. आणि नाद सुरू झालेला माणूस पहिली गोष्ट नेमकी हीच करतो. तो कानात कापसाचा बोळा घालतो, दार लावतो आणि गप्प पडून राहतो.

पहिले काही दिवस

इजा झाल्या झाल्या कानात काहीही घालायचे नाही. लसूण तडतडवलेले कोमट तेल, कांद्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड, मागच्या वेळचे उरलेले थेंब, यांतले काहीही नको. पडद्याला भोक असेल तर हे सगळे थेट मध्यकर्णात उतरते. जेंटामायसिन, निओमायसिन या गटातली प्रतिजैविके असलेले थेंब तिथून अंतर्कर्णात झिरपून केसपेशींना मारू शकतात. घरातल्या डब्यात पडून राहिलेल्या कानाच्या बाटल्यांत या औषधांचे थेंब असू शकतात, म्हणून ही सूचना ठळकपणे करावी लागते. जिवंत किडा आत असेल आणि पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर खोबरेल तेलाचे काही थेंब त्याला शांत करतात. कान आधी फाटलेला किंवा वाहणारा असेल, तर तेही करू नये.

कान कोरडा ठेवायचा. डोक्यावरून पाणी घेताना व्हॅसलीन लावलेला कापूस नळीच्या तोंडाशी ठेवायचा आणि अंघोळ झाली की काढून टाकायचा. नाक जोरात शिंकरायचे नाही, विहिरीत किंवा नदीत पोहायचे नाही. वाहणारे रक्त बाहेरच्या बाहेर स्वच्छ कापडाने टिपायचे.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. घर फिरल्यासारखी भोवळ आणि उलट्या, त्या कानाचे ऐकणे एकदम बंद होणे, कानातून पाण्यासारखा पातळ स्राव, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायला हवे. रिकीब हलली असेल आणि अंतर्कर्णातला द्रव गळत असेल, तर उशीर महागात पडतो. ही लक्षणे नसली तरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दोन-चार दिवसांत जावे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जळगावात जिल्हा रुग्णालयाला जोडून २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे तिथल्या रुग्णांनाही महाविद्यालयीन रुग्णालय गावातच मिळाले.

तपासणी साधी असते. डॉक्टर कानाची पाळी मागे-वर ओढून प्रकाशाच्या नळीतून पाहतात. निरोगी पडदा करडा आणि अर्धपारदर्शक दिसतो, त्याच्या खालच्या भागात प्रकाशाचा एक चकचकीत त्रिकोण पडतो आणि हातोडीची दांडी मागून उमटलेली असते. ताज्या जखमेत भोकाच्या कडा वेड्यावाकड्या असतात, त्यांवर सुकलेल्या रक्ताची खपली असते आणि तो त्रिकोण हरवलेला किंवा मोडलेला असतो. मग ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा ठोकून त्याची दांडी कपाळाच्या मध्यावर टेकवतात आणि आवाज कोणत्या कानात येतो ते विचारतात. आवाज दुखऱ्या कानात मोठा आला, तर अडथळा पडद्यापाशी किंवा हाडांपाशी असण्याची शक्यता असते. चांगल्या कानाकडे सरकला, तर अंतर्कर्ण दुखावल्याची शंका येते. तालुक्याच्या गावात ऐकणे मोजायची यंत्रणा नसली तरी धातूच्या या एका तुकड्यावर, रुग्णाला पुढे पाठवायची घाई आहे की नाही हे ठरवता येते. घरी तोंड मिटून ‘हं’ असा हुंकार काढून पाहिला तरी हाच फरक ढोबळपणे कळतो, मात्र त्यावर विसंबून तपासणी टाळू नये.

यानंतर ऐकण्याचे मोजमाप, म्हणजे ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून २५० पासून ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर एकेक करून ऐकवतात. किती डेसिबलला आवाज लागतो ते कागदावर उजव्या कानासाठी लाल वर्तुळाने आणि डाव्यासाठी निळ्या फुलीने मांडतात. कानामागच्या हाडावरून ऐकवलेला स्वर चांगला लागतो आणि हवेतून आलेला लागत नाही, अशी दोन रेषांत फट पडली तर दोष पडद्याकडचा. दोन्ही रेषा एकत्र खाली गेल्या, विशेषतः ४,००० हर्ट्‌झपाशी खड्डा पडला, तर दोष आतला. हा कागद जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक तपासणीत त्याच्याशीच तुलना होते. अंतर्कर्णाला धक्का बसून ऐकणे अचानक कमी झाले असेल, तर डॉक्टर स्टेरॉइडचा विचार करतात. ते देणे योग्य ठरणार असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. म्हणूनच ‘आधी महिनाभर वाट पाहू’ हा घरगुती सल्ला इथे घातक ठरू शकतो.

नुसत्या भोकासाठी मात्र वाट पाहणे हाच उपचार असतो. इजेने पडलेली बहुतेक भोके कोरडी राहिली तर आठ-बारा आठवड्यांत आपोआप बुजतात. तीन महिन्यांनंतरही भोक राहिले तर कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ लावायची शस्त्रक्रिया करतात. ही शस्त्रक्रिया पडद्यासाठी असते. तिने ऐकणे सुधारले की नाद मंदावण्याचा संभव असतो, पण केवळ नाद जावा म्हणून ती कुणी करवून घेऊ नये.

नादासोबतची रात्र

नाद मोजता येतो. रुग्णाला यंत्रातून आवाज ऐकवत त्याच्या नादाशी जुळवला, तर बहुतेकांचा नाद ऐकण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ५ ते १० डेसिबल वर निघतो. पानांच्या सळसळीपेक्षाही तो हळू असतो. एवढासा आवाज माणसाची झोप उडवतो, याचे कारण त्याच्या मोठेपणात नसून मेंदू त्याला जो अर्थ लावतो त्यात असते. पॉवेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार नाद श्रवणकेंद्रातून भावनांच्या केंद्रांकडे जातो. तिथे त्याला धोक्याची खूण मिळाली की शरीर सावध होते, छाती धडधडते, लक्ष पुन्हा पुन्हा तिकडेच जाते, आणि लक्ष गेले की तो आणखी स्पष्ट होतो. इजेनंतरचा नाद बहुधा भीती आणि अपराधीपणा सोबत घेऊन येतो. ‘मीच काडी घातली’, ‘आता बहिरा होणार’, ‘डोक्यात काहीतरी बिघडलंय’ या विचारांनी ती खूण पक्की होत जाते. नाद म्हणजे वाढत जाणारे बहिरेपण नव्हे आणि वेडाची सुरुवातही नव्हे, एवढी माहिती पहिल्याच भेटीत नीट मिळाली, तरी पुष्कळांचा त्रास अर्ध्यावर येतो. दोन मिनिटांत ‘याला काही इलाज नाही, सवय करा’ म्हणून परत पाठवलेला रुग्ण मात्र हीच भीती घट्ट करून घरी येतो.

सवय होते हे खरे, पण तिला मदत लागते, आणि पहिली मदत आवाजाची. खानदेशात मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर चालतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्यावाचून भागत नाही. कूलरच्या सतत घरघरीत नाद बुडून जातो, म्हणून या भागातल्या रुग्णाला उन्हाळा अनेकदा सोपा जातो. वीज गेली की कूलर एकदम थांबतो, आणि त्या क्षणी नाद अंगावर आल्यासारखा वाटतो. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत असते. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, कूलर गुंडाळून ठेवलेला असतो, पंखा बंद, दारे-खिडक्या लावलेल्या, रस्ता सामसूम. नाद वाढलेला नसतो, त्याच्याभोवतीचे आवाज निघून गेलेले असतात. तेव्हा थंडीतही पंखा भिंतीकडे तोंड करून हळू चालू ठेवावा, किंवा बॅटरीवरचा रेडिओ मंद लावावा, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. मोबाइलवर पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा आवाजही लावता येतो. फोन उशीपासून हातभर लांब ठेवावा, कानात इयरफोन खुपसून झोपू नये. आवाजाची पातळी नादापेक्षा किंचित कमी असावी, म्हणजे दोन्ही ऐकू यावेत. नाद पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याची सवय व्हायला वावच राहत नाही.

दिवसाही शांततेच्या मागे लागू नये. बोळा फक्त तिथेच घालावा, जिथे आवाज खरोखर घातक आहे. जळगावच्या दाळमिल, जिनिंग, धुळ्याचे यंत्रमाग, भुसावळचे रेल्वेचे काम, लग्नातला डीजे, दिवाळीतला बोळ, इथे कानाला संरक्षण हवेच. एकदा दुखावलेला कान दुसऱ्या धक्क्याला अधिक कच्चा असतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. यंत्र थांबले, वरातीतून बाहेर पडले, की बोळा काढून टाकावा. भाजी बाजारातला गलका, स्वयंपाकघरातली भांडी, शाळा सुटल्यानंतरचा मुलांचा गोंगाट, हे आवाज कानाला इजा करत नाहीत आणि नादाला पार्श्वभूमी देतात.

ऐकणे थोडेसेही कमी झाले असेल तर श्रवणयंत्र लावून पाहावे. बाहेरचे आवाज पुन्हा पोचू लागले की मेंदूने वाढवलेली संवेदनशीलता खाली येऊ शकते, आणि समोरच्याचे बोलणे ऐकायला ताण पडला नाही की थकवाही कमी होतो. ‘म्हाताऱ्यांची वस्तू’ म्हणून तरुण माणसे श्रवणयंत्र टाळतात, त्यात त्यांचे नुकसान होते.

मनाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा संज्ञानात्मक वर्तन उपचारांचा आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण तपासले गेले. या उपचारांनी नादाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. नाद हळू होतो असे मात्र त्यात आढळले नाही. या घराण्यातलीच अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला ओळखीची आहे, त्यामुळे हे काही परके तंत्र नाही. प्रत्यक्षात काम असे चालते. ‘हा आवाज असेपर्यंत मी शांत झोपूच शकत नाही’ हे वाक्य कागदावर लिहायचे. मागच्या आठवड्यात आवाज असूनही किती वेळा डोळा लागला ते त्याच्यासमोर मांडायचे, आणि वाक्य खऱ्याच्या जवळ आणायचे. टाळलेली कामे, म्हणजे देवळातले भजन, मित्रांबरोबरचा चहा, मळ्यातली एकट्याची फेरी, एकेक करून परत सुरू करायची. झोप आली तरच अंथरुणावर जायचे, अर्ध्या तासात लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे.

गोळ्यांबाबत स्पष्ट बोलणे बरे. नाद घालवणारे कोणतेही औषध आज सिद्ध झालेले नाही. जिंको, जस्त, मेलाटोनिन या गोळ्या नादासाठी नेहमी देऊ नयेत, असे अमेरिकेच्या कान-नाक-घसा अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे, तरी त्या सर्रास लिहिल्या जातात. बीटाहिस्टीन भोवळीसाठी दिले जाते, नादावर त्याचा उपयोग दिसलेला नाही. ‘सात दिवसांत नाद बंद’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर कापसाचे पैसे घालवू नयेत. उलट काही औषधांनी नाद वाढतो. अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस, क्विनीन, जेंटामायसिनची इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन ही त्यांतली ठळक नावे. इतर आजारांसाठी डॉक्टरकडे गेल्यावर नादाची तक्रार आवर्जून सांगावी, पण चालू औषध स्वतःहून बंद करू नये. जबडा आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर नाद बदलत असेल, तर दात, जबडा आणि मानेचीही तपासणी व्हावी. घरात पडून कानाबरोबर मानेलाही मार बसलेल्यांत हे विशेष पाहावे.

पुढची देखरेख

किती दिवस लागतील, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मोठ्या आवाजानंतरची साधी गुणगुण काही तासांत किंवा दिवसांत जाते. पडद्यापुरत्या इजेतला नाद बहुधा पडदा भरताना ओसरतो. अंतर्कर्ण दुखावला असेल तर नाद राहू शकतो, पण त्याचा जाच पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि सहा महिने ते दीड वर्षात बहुतेकांच्या बाबतीत मागे पडतो. मधेच सर्दी, जागरण, भांडण, ताप आला की तो पुन्हा डोके वर काढतो. अशा चार-आठ दिवसांच्या उसळीला रोग परतला असे समजू नये. प्रगती रोज कान लावून पाहण्यापेक्षा महिन्यातून एकदा मोजावी. १९९६ मध्ये तयार झालेली २५ प्रश्नांची एक प्रश्नावली श्रवणतज्ज्ञ भरून घेतात आणि तिचे ० ते १०० मधले गुण बदल नेमका दाखवतात.

लहान मुले नादाची तक्रार क्वचितच करतात, कारण सगळ्यांनाच असे ऐकू येते असे त्यांना वाटते. इजेनंतर मूल झोपायला घाबरू लागले, एका बाजूने हाक मारल्यावर वळेनासे झाले, वर्गात मागे पडू लागले, तर विचारून पाहावे आणि ऐकण्याची चाचणी करावी. मोठ्यांतही नाद नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, इजा न झालेल्या कानातही येऊ लागला असेल, एका कानाचे ऐकणे हळूहळू कमीच होत चालले असेल किंवा कान पुन्हा वाहू लागला असेल, तर सारे इजेच्या माथी न मारता नव्याने तपासणी करावी. तिथे स्कॅनची गरज पडू शकते.

बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांत पोचला आहे. गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांग प्रमाणपत्राची आशा मात्र एका कानाच्या रुग्णाने धरू नये. २०१६ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन्ही कानांचे किमान ६० डेसिबलचे श्रवणनुकसान लागते आणि नाद त्या मोजमापात येतच नाही. नादामुळे झोप पूर्ण उडाली असेल, कामावर जाणे थांबले असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर कानाच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत लागतो, तिथे मराठीत बोलता येते, आणि गरज असल्यास जवळच्या मानसोपचार विभागाकडे जोडून दिले जाते.